पन्हळीतल्या स्ट्रॉबेरी

पन्हळी चौदा होत्या, प्रत्येक दोन मीटर लांब. एकीत आठ, म्हणजे एकूण एकशे बारा स्ट्रॉबेरीची रोपे. सगळ्या पन्हळी लाकडी घोड्यांवर, म्हणजे चौपाई टेकूंवर, गुंदुला मावशीच्या कमरेच्या उंचीला, खाली खडी. बागा तपासणाऱ्या समितीच्या लेखी मात्र ही फळलागवड शून्य होती.

जर्मनीतल्या हाल्ले शहराच्या कडेला, रेल्वे रुळांलगत आमच्या मंडळाच्या भाडेबागा आहेत. नियम असा की बागेचा एक तृतीयांश भाग भाजी-फळांखाली हवा, नाहीतर बाग सोडायची. मावशीची बाग दोनशे सत्तर चौरस मीटर, म्हणजे नव्वद हवेत. खुब्याचा सांधा बदलल्यावर तिला वाकता येईना, म्हणून तिने स्ट्रॉबेरीचे वाफे मोडून पन्हळी मांडल्या. वसंतातल्या तपासणीत भरले एक्क्याऐंशी. आज जूनमधली दुसरी तपासणी; मी विद्यापीठातले तास बुडवून मावशीसोबत आले होते. आजही कमी भरले तर अडतीस वर्षांची बाग जाणार होती.

मंडळाचे अध्यक्ष वेर्नर लीबशर हे निवृत्त गवंडी. त्यांनी एका पन्हळीवर टिचकी मारली.

"पन्हळ हा छपराचा भाग, गुंदुला. आपण जमिनीतलं मोजतो."

"मग छप्पर दाखव कुठंय ते," मावशी म्हणाली. "मला वाकता येत नाही, वर बघता येतं."

"आणि ही खडी काय पिकवते?"

"तुझं डोकं पिकवतं तेवढंच."

त्यांच्यासोबत आलेला मंडळाचा खजिनदार हसला आणि लगेच बुटांकडे बघू लागला. लीबशर हसले नाहीत. त्यांनी वहीत पुन्हा एक्क्याऐंशीच लिहिले.

माझा पारा चढला तो कुंपणापलीकडे पाहून. तिथे आलुबुखाराचे एक झाड होते. त्याखाली कापलेली हिरवळ, दोन आरामखुर्च्या, बिअरचा क्रेट. त्या बागेला कधी नोटीस आली नव्हती.

"ते झाड किती धरलंत?" मी विचारले.

"अकरा चौरस मीटर."

"खाली तर खुर्च्या आहेत."

"झाडाचा घेर मोजतात, पोरी. फांद्यांच्या टोकांवरून ओळंबा सोडायचा. खाली काय आहे ते बघायचं नाही. विद्यापीठात शिकवत नाहीत वाटतं?"

"मग इथंही सोडा ओळंबा."

"हे झाड नाही."

"मावशीची गूजबेरीची झुडपं कशी मोजलीत?"

"तशीच."

"ती झाडं आहेत?"

खजिनदार हळूच म्हणाला, "बाग काढून घ्यायची तर मोजूनच काढू या, वेर्नर. उद्या कोणी विचारलं तर?"

लीबशरांनी खिशातून ओळंबा काढला. "लोंबणारे धुमारे धरणार नाही. फक्त पानं."

"फक्त पानं," मी कबूल केले. त्यात ते चुकीचे नव्हते. धुमाऱ्यांना फळ धरत नाही.

प्रत्येक पन्हळीला तीन ठिकाणी खुणा केल्या आणि तिथे दोन्ही बाजूंनी ओळंबा सुटला. मी फीत धरली, खजिनदाराने आकडे लिहिले. लीबशर मुद्दाम आखूड पाने शोधत होते आणि मी त्यांना दर वेळी ठरलेल्या खुणेवर परत आणत होते. मावशीला मी खुर्ची दिली होती. ती बसली नाही. पन्हळीखालच्या घोड्याला धरून उभी राहिली.

"कापू नकोस हं पानं," ती लीबशरांना म्हणाली. "तुझा हात लागला की कोमेजतात."

पानांची सरासरी रुंदी निघाली पस्तीस सेंटिमीटर. पन्हळींची एकूण लांबी अठ्ठावीस मीटर. खजिनदाराने गुणाकार दोनदा केला आणि वही लीबशरांपुढे धरली.

एक्क्याऐंशी अधिक नऊ पूर्णांक आठ दशांश: नव्वद पूर्णांक आठ दशांश चौरस मीटर.