अडीच तास मागे

"साडेपाच," आई मनगट डोळ्यांजवळ नेत म्हणाली. "साडेपाचलाच निघालीस होय गं कामाला?"

"आठ वाजलेत, आई." थोरलीने डब्याचं झाकण तळव्याने दाबून बसवलं. "त्या पट्ट्याकडे बघू नकोस म्हणून शंभरदा सांगितलंय. स्वयंपाकघरात भिंतीवर चांगलं घड्याळ आहे."

"तिथवर वॉकर ढकलत कोण जाणार? हाच बरोबर लावून दे. दिवसभर त्या डेपोत जगाच्या वेळा लावत बसतेस ना?"

बोलणं खरं होतं, म्हणूनच झोंबलं. थोरली बस डेपोत नियंत्रक होती. कोणती गाडी कधी सुटली आणि कधी परत आली, हे सव्वीस वर्षं तीच लिहीत आली होती. ड्रायव्हर लोक आपली घड्याळं तिच्या खिडकीवरच्या घड्याळाशी जुळवून घेत. आणि आईच्या मनगटावरची ती टीचभर रबरी वस्तू मात्र तिला अजिबात दाद देत नव्हती. तिला ना चावी, ना काटे.

स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून आईच्या खोलीत लावायची तयारीही तिने दाखवली होती. त्यावर आईने नाक मुरडलं होतं. "धाकटीने एवढं हौसेनं आणलंय, ते काय कपाटात ठेवू?"

खरं दुखणं इथे होतं. तो फिटनेस बँड धाकटीने आणलेला होता.

धाकटी लग्न करून दूरच्या देशात गेली, त्याला एकोणीस वर्षं झाली. तिथलं घड्याळ इथल्यापेक्षा अडीच तास मागे. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती पंधरा दिवसांसाठी आली, आईचे केस विंचरले, पाय चेपले, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून वाहवा मिळवली आणि गेली. जाताना आईच्या मनगटावर हा बँड बांधला आणि आपला एक जुना फोन उशाशी स्टुलावर ठेवला. "बँड या फोनला जोडलाय आणि फोन माझ्या खात्याला. आईच्या नाडीचे ठोके मला तिथे बसून दिसतील. यातलं काही बदलू नकोस हं, ताई, सगळं तुटेल." त्यामुळे फोन तिकडच्या वेळेवर चालत राहिला आणि बँड फोनच्या.

मागे उरलेली आंघोळ, औषधं, चादरी, चिडचिड हे सगळं थोरलीच्या वाट्याला आलं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. निदान ती तसं म्हणायची. पण धाकटीचं नाव निघालं की आईचा आवाज कसा मऊ व्हायचा, ते ऐकून थोरलीच्या पोटात काहीतरी चुरचुरायचं. त्याला ती पित्त म्हणत असे. तो निव्वळ हेवा होता, आणि एक्कावन्नाव्या वर्षी सख्ख्या बहिणीचा हेवा वाटतो हे स्वतःशी कबूल करण्यापेक्षा पित्ताची गोळी घेणं सोपं होतं.

डेपोत पोचून ती खुर्चीत टेकते न टेकते तोच फोन वाजला. धाकटीने रोजच्यासारखं चित्र पाठवलं होतं. "कालचे आईचे ठोके."

चित्रात दिवसभराची एक रेघ असे. सकाळपासून सत्तर-बहात्तरवर मुकाट चाललेली, आणि चार वाजता एकदम टेकडी. शहाण्णव, कधी अठ्ठ्याण्णव. मग पुन्हा सपाट.

धाकटीचा आईला फोन येई तो रोज दुपारी चारला, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. म्हणजे हे असं होतं. धाकटीचा आवाज कानावर पडला की म्हातारीचं काळीज उड्या मारत होतं. आणि त्याचा पुरावा ही बया रोज सकाळी, न चुकता, थोरलीच्या टेबलावर आणून टाकत होती! रविवारच्या चित्रात तेवढी टेकडी नसे. त्याचाही अर्थ थोरलीने लावून ठेवला होता. रविवारी ती घरी असते, मग आईला धाकटीशी मोकळेपणाने बोलता येत नसणार.

तिने उत्तरात "बरं" एवढंच लिहिलं. तीन महिने ती "बरं" एवढंच लिहीत होती.

"काय मॅडम, सकाळी सकाळी तोंड का असं?" खिडकीतून आवाज आला. ही एक कंडक्टर होती. अखंड बडबडीमुळे सगळा डेपो तिला रेडिओ म्हणत असे. तिच्याही मनगटावर तसलाच बँड होता, जावयाने दिलेला.

"तुझ्या याच्यात वेळ चुकली तर काय करतेस गं?" थोरलीने विचारलं.

"चुकेल कशाला? फोनवरनं घेतो तो."

"आणि फोनच चुकीचा असेल तर?"

"मग रिसेट मारायचा आणि आपल्या फोनला जोडायचा. दोन मिनिटांचं काम. वेळ आपोआप लागते."

"आणि आधीच्या फोनचं काय?"

"त्याचं काय? तो गेला उडत. बँड एका वेळी एकालाच ओळखतो, मॅडम." रेडिओ तिकिटांची पेटी काखेला लावून निघून गेली.

एका वेळी एकालाच ओळखतो. हे वाक्य थोरलीला फार आवडलं. दिवसभर गाड्यांच्या वेळा लिहिताना ते तिच्या डोक्यात घोळत राहिलं. आणि कारणही सबळ होतं. परवाच आईने दुपारची गोळी त्या पट्ट्यावर वेळ बघून संध्याकाळी घेतली होती. कुणी विचारलंच तर सांगायला तोंड होतं.

संध्याकाळी घरी गेल्यावर चहाही न घेता ती आईच्या पलंगाच्या कडेला बसली.

"धाकटीला विचारलंस का?" आई म्हणाली.

"वेळ बरोबर लावायला तिची परवानगी कशाला?"

तिने रिसेट मारला. बँड थरथरला, काळा झाला, पुन्हा उजळला. सात वाजून पाच मिनिटं. थोरलीने उठून स्वयंपाकघरातलं घड्याळ पाहिलं, मिनिटाचाही फरक नव्हता. आईने मनगट उलटसुलट करून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. "आता कसं! आता दिवसभर विचारायला नको कुणाला."

दहा मिनिटांत धाकटीचा फोन आला, थोरलीच्या फोनवर.

"ताई, आई बरी आहे ना? मला काहीच दिसेना झालंय. रेघच नाही!"

"ठणठणीत आहे. वेळ चुकीची दाखवत होता तो, बरोबर लावली. आता माझ्या फोनला जोडलाय."

थोरलीने भांडणाची जय्यत तयारी ठेवली होती. गोळीची गोष्ट तर जिभेच्या टोकावर होती.

"बरं केलंस," धाकटी म्हणाली. "घाबरले होते नुसती." आणि फोन ठेवून दिला.

भांडण न झाल्यामुळे थोरलीचा विरसच झाला. जिंकल्यासारखं वाटेल म्हणून ती वाट बघत राहिली, तर तेही वाटेना.

दुसऱ्या दिवशी डेपोच्या घड्याळात चार वाजले तेव्हा ती मुद्दाम तिकडे बघत होती. आता टेकडी, तिच्या मनात आलं. बँड दिवसभराचं सगळं पोटात साठवून ठेवतो आणि फोन जवळ आला की सांगतो, असं रेडिओने सांगितलं होतं. म्हणजे आज ती टेकडी तिला स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या घरात बसून बघायची होती. दुखऱ्या दाताला जीभ लावून बघण्याचाच हा प्रकार.

किल्लीने दार उघडून ती आत आली तेव्हा सहा पस्तीस झाले होते.

"पाच मिनिटं उशीर," आतून आई कडाडली. "आणि ते दार हळू लाव. रोज धाडकन आपटतेस."

हा तिचा रोजचा स्वागत समारंभ. थोरलीने चपला काढल्या, खुर्ची ओढली आणि फोन उघडला. रेघ उमटली.

चारला काहीच नव्हतं. बहात्तर.

"धाकटीचा फोन नाही आला का आज?"

"आला की. चारच्या ठोक्याला आला. वीस मिनिटं बोललो."

थोरलीने रेघेवरून बोट पुढे सरकवलं. पाच वाजता सत्तर. सहाला शहात्तर. मग रेघ चढायला लागली होती. सव्वासहाला चौऱ्याऐंशी, साडेसहाला त्र्याण्णव, सहा पस्तीसला सत्त्याण्णव. आणि तिथून उतार. आता, तिच्यासमोर, बँडवर ऐंशी दिसत होते. बघता बघता अठ्ठ्याहत्तर झाले.

यंत्र बिघडलं असणार, असंच तिला आधी वाटलं. मग ती जुनी चित्रं उघडून बसली. चारची टेकडी. चारची टेकडी. एका दिवशी मात्र ती सव्वापाचला होती. तारीख तिने ओळखली. त्या दिवशी फाटकातच दोन गाड्या अडकल्या होत्या आणि तिला घरी यायला पावणेआठ झाले होते. सव्वापाचात अडीच मिळवले की पावणेआठ होतात. चारमध्ये मिळवले की साडेसहा. रविवारी ती कुठून येतच नव्हती, तर टेकडी कुठली येणार?

सव्वीस वर्षं वेळा लिहिणाऱ्या बाईने तीन महिने दुसऱ्या देशाची वेळ आपली म्हणून वाचली होती. बँड मागे आहे म्हणून ती रोज करवादत होती, आणि चित्रही त्याच घड्याळाचं आहे हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. येणार कसं? तिला जे दिसण्याची धास्ती होती, नेमकं तेच त्यात दिसत होतं.

"आई, संध्याकाळी सहानंतर काय होतं गं तुला?"

"काय व्हायचंय?"

"छाती धडधडते का?"

आईने चिडून तिच्याकडे पाहिलं. "मग? तू घरात पाऊल टाकेपर्यंत जिवाला चैन असतं का? त्या मेल्या बसा, तो रस्ता ओलांडायचा. एकदा किल्लीचा आवाज आला की सुटले बाई, असं होतं. म्हणून तर वेळ बरोबर लाव म्हणत होते. आता चहा टाकणार आहेस की नाही?"

थोरली स्वयंपाकघरात गेली. पातेल्यात पाणी घातलं आणि गॅस न पेटवताच उभी राहिली. तिला आनंद झाला होता. साधासुधा नाही, हावरा आनंद. हे चित्र आत्ताच्या आत्ता धाकटीला पाठवावं असं तिला वाटलं. त्याखाली एक अक्षरही लिहायची गरज नव्हती.

फोन हातात घेतला आणि मग तिच्या लक्षात आलं की धाकटीने हे सगळं बघितलेलंच आहे. तीन महिने, रोज. तिची जेवणाची सुट्टी तिच्या घड्याळात दीडला. दीडच्या जागी आईची रेघ टेबलासारखी सपाट. आणि चारला टेकडी, म्हणजे ताई घरी आली. ती तर तिच्याच घड्याळातून बघत होती, तिची चूक कशी होणार? आपल्या फोनने आईचा एक ठोकासुद्धा वाढत नाही, हे रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघून ती ते चित्र ताईला पाठवत होती. ताईला बरं वाटेल म्हणून असेल, किंवा ताईने एकदा तरी काही बोलावं म्हणून. आणि ताई उत्तर देत होती, "बरं."

थोरलीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने फोन उलटा करून ठेवला. चित्र तिने पाठवलं नाही.

मग रविवार आला. चार वाजता स्टुलावरचा फोन वाजला. आई बोलायला लागली, तोच मऊ आवाज. जेवलीस का, सर्दी गेली का, मुलं काय म्हणतात. थोरली पलंगाशी कपड्यांच्या घड्या घालत होती. वीस मिनिटांनी आईने फोन तिच्यापुढे धरला. "घे, तुला देते म्हणाली."

"ताई," धाकटी म्हणाली. "आईचे ठोके किती दाखवतोय गं आत्ता? सहज विचारतेय."

थोरलीने आईचं मनगट हातात घेतलं. एकाहत्तर. ती बघत असताना सत्तर झाले.

"ब्याण्णव," ती म्हणाली.

"काहीतरीच."

"अगं, हातात धरून बसलेय मी. तुझा फोन वाजला ना, तेव्हापासून चढलेत."

"नाही वाढत, ताई." धाकटीचा आवाज एकदम लहान झाला होता. "तीन महिने बघितलंय मी. आपण बोलत असतो आणि ढिम्म हलत नाही ती रेघ."

"त्याची वेळच बरोबर नव्हती, वेडे. ज्याला किती वाजले ते कळत नाही, तो ठोके काय धड मोजणार?" थोरलीने आवाज चढवला, ती डेपोत चढवायची तसा. "आता सगळं नीट लागलंय. म्हणून दाखवतोय बरोबर."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी अजून होती बहुतेक.

"परत तुझ्या फोनला जोडून देऊ का?" थोरलीने विचारलं. विचारताना तिचा जीव मुठीत होता.

"नको. तुझ्याकडेच राहू दे. मी रविवारी विचारत जाईन." मग पुन्हा, "ब्याण्णव?"

"त्र्याण्णव झाले."

आई सगळं ऐकत होती. तिने मान वळवून आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग थोरलीच्या तोंडाकडे. थोरलीच्या हातातून हात सोडवून घेतला आणि दुसऱ्या हाताने स्वेटरची बाही पार बोटांपर्यंत खाली ओढून घेतली.