पारड्यातली आक्का

कोठाराच्या अंगणात मापाच्या दिवशी भांडण झालं नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं. पण यंदा आक्काच्या तोंडावर बोलली ती तिची भिंतीला भिंत लागून राहणारी विणकरीण, आणि ते आक्काच्या जिव्हारी लागलं. त्या वेळी आक्का तराजूच्या पारड्यातच बसलेली होती. एका पारड्यात आक्का, दुसऱ्यात घरटी धान्य, अशी गावाची मापाची रीत. आक्काचं पारडं जमिनीवरून सुटेपर्यंत समोर ओतत राहायचं. जेवढं ओतलं तेवढं कोठाराचं, उरलं ते आपल्या घरचं. विणकरणीनं एक पोतं रिकामं केलं, दुसरं निम्म्यावर आणलं, तरी आक्का जमिनीला चिकटलेलीच.

"अगं, हल की जरा," विणकरीण म्हणाली. मागं रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मी काय मुद्दाम जड होऊन बसलेय का?"

"तू नसशील बसली. पण तुझा भाऊ तुला घरपोच लोणी पाठवतो ते काय उगाच? मालकाचा दगड असता ना, तर माझं दुसरं पोतं शिवलेलंच राहिलं असतं."

आक्काच्या कानशिलातून वाफा निघाल्या. मालकाच्या दगडाचं नाव या अंगणात कुणी काढत नसे. मालकाच्या राज्यात धान्य त्या दगडानं मोजलं जायचं, आणि तो दगड खोटा होता, सांगायचे एक आणि भरायचा दीडपट, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ज्या दिवशी गावानं मालकाला हाकललं, त्या दिवशी हाच दगड ढकलत नेऊन नदीत लोटला. लोटणाऱ्यांत आक्का आणि विणकरीण पुढं होत्या. दोघींच्या हातांची सालटं निघाली होती आणि दोघी वेड्यासारख्या हसत होत्या.

मग प्रश्न आला, मोजायचं कशानं? आक्काचा धाकटा भाऊ तेव्हा साधा गाडीवान होता, पण जिभेवर साखर. तो गाडीच्या जूवर चढून म्हणाला, दगडाला काळीज नसतं, आता माणसानं माणसाचं माप घ्यायचं, आणि ते माणूसही आपल्यातलं, सगळ्यांत हडकुळं. आमची आक्का! आक्का तेव्हा खरोखरच वाळकी काटकी होती. लोकांनी तिला उचलून पारड्यात ठेवलं, आणि अर्ध्या पोत्यातच ती वर गेली. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. असं सुरेख काही आपल्या गावात घडेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

पुढं गाडीवानाचा गावप्रमुख झाला आणि मालकाच्या घरात राहायला गेला, कोठारावर लक्ष ठेवायला बरं पडतं म्हणून. बहिणीला मात्र तो विसरला नाही. लोणी, दूध, मध, सकाळ संध्याकाळ माणूस दारात हजर. आक्काला त्याचं केवढं कौतुक! भाऊ असावा तर असा, म्हणून ती विणकरणीलाच ऐकवायची. अंगावर मांस चढत गेलं ते तिला सुखाचंच वाटलं. उपाशी दिवस काढलेल्या बाईला दुसरं काय वाटणार?

माप उरकल्यावर ती तडक भावाकडे गेली. तो मालकाच्याच पलंगावर लोळत होता. तिनं विचारलं, तसा तो दुखावला. बहिणीनं दोन घास सुखाचे खाल्ले तर ते गावाच्या डोळ्यांत सलतात, म्हणाला, कोठार काय मी डोक्यावर घेऊन जाणार आहे? आक्का विरघळलीच होती. पायरी उतरली आणि त्यानं मागून हाक मारली.

"आक्का, पुढच्या मापापर्यंत तब्येत उतरू देऊ नकोस बरं का."

घरी येऊन तिनं लोण्याचं गाडगं उघडलं आणि तशीच बघत बसली. आपण खाल्लेला एकेक घास विणकरणीच्या पोत्यातून गेला, हे आता तिला स्वच्छ दिसत होतं. तिला भावाचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

त्या दिवसापासून लोणी दारच्या कुत्र्याला. कुत्रं इतकं माजलं की भुंकायचा कंटाळा करायला लागलं. आक्का कोरडी भाकर खाई आणि दिवसभर रानात राबे. अंग उतरलं, गालफडं बसली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. विणकरीण एकदा न सांगता आक्काचा ढिला झालेला झगा घेऊन गेली आणि आत घेऊन, शिवून परत आणून दिला. यंदा अर्ध्या पोत्यात निभेल, अशी दोघींना मनातून खात्री होती.

मापाच्या दिवशी आक्का पारड्याकडे निघाली तसा भाऊ धावत पुढं आला. सगळ्यांदेखत त्यानं तिला मिठी मारली, डोळे पुसले.

"काय दशा करून घेतलीस आक्का! नको, यंदा तुला त्रास नको. तुझ्या जागी मी बसतो."

आणि बसला. पारडं धप्पकन आदळलं, तराजूचा दांडा करकरला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पण प्रमुख स्वतः आपल्यासाठी मातीत बसलाय म्हटल्यावर बोलायचं काय? कुणी एकानं तर टाळीही वाजवली.

आक्कानं विणकरणीचा हात धरला आणि दोघी नदीवर गेल्या. पाणी उतरलं होतं, दगड अर्धा उघडा पडला होता. पहारीनं, दोरानं, शिव्या देत त्यांनी तो हातगाडीवर चढवला. अंगणात आणून आक्कानं गाडी उलटी केली तेव्हा तिच्या तळहातांची सालटं पुन्हा निघालेली होती.

"हा ठेवा पारड्यात," ती म्हणाली. "खोटा आहे, ठाऊक आहे मला. पण दर वर्षी तेवढाच खोटा होता. हा जेवत नाही."

एक म्हातारा पुटपुटला, खरं आहे. आणखी कुणीतरी मान हलवली. आक्काला वाटलं, आता होतंय.

भाऊ पारड्यात बसल्या बसल्या गोड हसला. आक्कानं एवढ्या कष्टानं आणलाय, म्हणाला, तिचा मान राखला पाहिजे. त्यानं दोन गड्यांना खूण केली. गड्यांनी दगड उचलला आणि त्याच्या मांडीशेजारी पारड्यात ठेवला.

विणकरणीची पाळी होती. तिनं एक पोतं ओतलं, दुसरं ओतलं. पारडं हललं नाही. तिच्याजवळ तिसरं नव्हतं. तिनं आक्काकडे पाहिलं, मग वाकून आपलं धान्य ओंजळी ओंजळीनं परत पोत्यात भरायला लागली. आक्का तिच्याशेजारी गुडघे टेकून बसली आणि दुसऱ्या पोत्याचं तोंड धरलं. गडी ओरडत राहिले. दोघींनी पोत्यांची तोंडं बांधली, हातगाडीवर टाकली आणि गाडी ओढत फाटकाबाहेर पडल्या. आक्कानं वळून पाहिलं, आणखी कुणी निघालंय का.

रांगेतला पुढचा माणूस आपलं पोतं घेऊन तराजूपाशी सरकला होता.