बावन्न सेकंदांचा निरोप

वेलिकाने तो निरोप ऐकलाच नव्हता. बावन्न सेकंदांचा होता. तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या मित्राने, रुस्कोने, इस्पितळाच्या खाटेवरून सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तो बोलून पाठवला आणि आठच्या आत रुस्को गेला. त्या बावन्न सेकंदांत तो काय म्हणाला, हे आता कोणालाही कळणार नाही. तशी पक्की व्यवस्था मीच केली. मुद्दाम नाही केली, तत्त्वासाठी केली. मुद्दाम केलेलं एखादे वेळी निस्तरता येतं, तत्त्वासाठी केलेलं नाही येत.

माझं नाव प्रोदान. विदिनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी एकतीस वर्षं तारा जोडल्या. एक्स्चेंजला कुलूप लागलं तेव्हापासून राजधानीतल्या, सोफियाच्या एका बातम्यांच्या साइटवर दर गुरुवारी सदर लिहितो. विषय एकच, हे इंटरनेटवाले आपल्याला कसे नागवतात. फुकट मेल देणारे, रस्ते दाखवणारे, 'मान्य आहे'वर बोट ठेवायला लावून घरदार लिहून घेणारे, सगळ्यांना मी झोडलंय. बातमी कुठलीही येवो, माझं मत आधीच तयार असतं आणि ते वाईटच असतं. विजेची नवी मीटरं बसली तेव्हा मी लिहिलं की हे मीटर तुम्ही आंघोळ कधी करता तेही कंपनीला कळवतं. आमच्या इमारतीतल्या दोन म्हाताऱ्यांनी मीटरवर घोंगडी टाकली. रुस्को म्हणायचा, तुझं सदर वाचलं की बरं वाटतं बुवा, जगच बुडतंय म्हणजे माझ्या एकट्याचं काही बिघडलेलं नाही.

आता हे खात्याचं प्रकरण. माझी बहीण स्तोयना वारली, त्यानंतर चार वर्षं 'सोयका' मला तिचे वाढदिवस कळवत राहिलं. सोयका म्हणजे ते निरोपांचं ॲप, आमच्याकडे शेंबड्या पोरापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांच्या फोनमध्ये असतं. 'स्तोयनाशी बरेच दिवस बोलला नाहीत. तिला निरोप पाठवा.' एकदा तर धुण्याच्या पावडरच्या जाहिरातीत तिचा फोटो आला आणि खाली लिहिलेलं, स्तोयनाला हे आवडतं. माझं टाळकंच फिरलं. मी ओळीने नऊ सदरं लिहिली. मेलेल्यालाही हक्क असतात, त्याला नीट मरू द्या, असं ठणकावून लिहिलं. सोफियातल्या डिजिटल हक्कवाल्या संघटनेने ते उचललं, सह्या गोळा केल्या, त्यांची वकीलबाई कंपनीशी भांडली आणि दोन वर्षांनी सोयका नमलं.

नियम असे ठरले. माणूस गेला की कोणीही एक अर्ज भरायचा आणि त्याला दारावर चिकटवतात त्या निधनपत्रकाचा फोटो जोडायचा. तीस दिवसांनी ते खातं मिटतं. नुसतं बंद होत नाही, समूळ जातं. त्याने पाठवलेली अक्षरं, फोटो, आवाज, सगळं दोन्हीकडून, घेणाऱ्याच्या फोनमधूनसुद्धा. हे 'दोन्हीकडून' माझं होतं. अर्धं पुसणं म्हणजे पुसणंच नव्हे, असं मी लिहिलं होतं आणि वकीलबाईंनी ते जसंच्या तसं घेतलं. नातेवाइकांची परवानगी लागू नये, हेही माझंच. बायको झाली म्हणून काय ती नवऱ्याच्या शब्दांची मालकीण होते का, असा सवाल मी टाकला होता आणि त्याखाली लोकांनी वा वा केलं होतं. चुकून कोणी जिवंत माणसाचा अर्ज भरला तर त्याने तीस दिवसांत स्वतःच्याच फोनवरून 'मी आहे' हे बटण दाबायचं, एवढीच काय ती फट ठेवलेली.

ही बातमी आली त्या संध्याकाळी मी आणि रुस्को दुनाव नदीच्या काठावर बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होतो. मी फुगलो होतो. रुस्को टरफल थुंकून म्हणाला, "मी गेलो की माझंही मिटव. मेल्यावर वेलिकाला साबण विकत बसायची माझी इच्छा नाही."

मी हो म्हणालो. दिला शब्द.

यंदाच्या हिवाळ्यात त्याच्या छातीत पाणी झालं. फ्लूची साथ होती म्हणून वॉर्डात कोणाला सोडत नव्हते. अकरा दिवस तो वेलिकाला सोयकावर बोलून निरोप पाठवत होता. तळघराची किल्ली कुठली, रेडिएटरमधली हवा कशी काढायची, खारवलेल्या कोबीच्या पिंपातलं पाणी ढवळ नाहीतर बुरशी येईल. शेवटचा तो सकाळचा. मग बाकी सगळं झालं. पत्रक मीच लिहिलं, इथे लिहिणारा मीच ना. खाली नावं घातली: पत्नी वेलिका, मुलगी इस्क्रा, मित्र प्रोदान. आमच्या गावात आता जिवंत माणसांपेक्षा दारांवर चिकटवलेली माणसं जास्त आहेत. त्यांत रुस्कोची भर पडली, त्याच्या दारावर, माझ्या दारावर, बस थांब्याच्या खांबावर.

नवव्या दिवसाची प्रार्थना झाली, घरी आलो, आणि दिलेला शब्द आठवला. खाली जाऊन दारावरच्या पत्रकाचा फोटो काढला, अर्ज भरला, पाठवला. तीन मिनिटांचं काम. वेलिकाला विचारावं हे मनातसुद्धा आलं नाही. आणि आलं असतं तरी विचारलं नसतं, कारण परवानगी लागू नये असं मीच लिहिलं होतं. खरं सांगतो, त्या रात्री मला समाधानाची झोप लागली.

तेहतिसाव्या दिवशी मी तिच्याकडे मोरीचा नळ दुरुस्त करायला गेलो. काम झाल्यावर तिने कॉफी दिली आणि फोन पुढे धरला. तिच्या पडद्यावर रुस्कोच्या निरोपांची रांग होती, सगळे ऐकलेले, शेवटचा तेवढा निळा ठिपका लागलेला. बावन्न सेकंद.

मी म्हणालो, "ऐकला नाहीस?"

"चाळिसाव्याला ऐकणार. हा ऐकला की संपलंच ना रे त्याचं बोलणं. तोवर त्याचं काहीतरी सांगायचं बाकी आहे, असं वाटतं. राहू दे."

मनातल्या मनात दिवस मोजले. नवव्या दिवसात तीस मिळवले की एकोणचाळीस. एक दिवस आधी.

रुस्कोचा फोन कुठे आहे, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तिने पलंगाखालच्या पेटीकडे हात केला. चष्मा, वस्तरा, टोपी, फोन, सगळं त्यात. आमच्याकडे चाळीस दिवस मेलेल्याच्या वस्तूला कोणी हात लावत नाही. जीव घरातच घुटमळत असतो, त्याला आपली वस्तू जागच्या जागी दिसायला हवी. म्हणजे सोयकाची सूचना त्या बंद फोनवर जाऊन पडली होती आणि 'मी आहे'चं बटणही तिथेच होतं. नियम करताना आम्ही सगळा विचार केला होता. जाहिरातवाल्यांचा, चोरांचा, लोभी पुतण्यांचा. पेटीचा विचार राहून गेला. सोफियाच्या वकीलबाईंचं सोडा, मी तर याच मातीतला, माझ्या आईची पेटी मी स्वतः एकेचाळिसाव्या दिवशी उघडली होती.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. 'वेलिका, मी असं केलंय, आत्ताच्या आत्ता ऐक.' दोन वाक्यं. मी पाना पिशवीत टाकला आणि घरी आलो.

घरी येऊन कंपनीला लिहिलं. अर्ज मीच केला होता, मीच मागे घेतो. मिनिटभरात उत्तर आलं की मृत व्यक्तीच्या हक्कांसाठी तिसऱ्या माणसाचं म्हणणं विचारात घेता येत नाही. ओळखीचं वाक्य वाटलं. शोधलं तर माझ्याच सातव्या सदरातलं निघालं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, शब्दही न बदलता. वकीलबाईंना फोन केला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की असा एखादा अपवाद केला तर उद्या प्रत्येक पुतण्या अपवाद मागेल. तुम्हीच असं म्हणायचात, आठवतं ना. आठवत होतं. ज्याला सगळं आठवतं त्याचे हाल कुत्रा खात नाही.

अडतिसाव्या दिवशी मी पुन्हा गेलो. या वेळी सांगणारच होतो. वेलिका स्वयंपाकघरात चाळिसाव्यासाठी गहू निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि मीही निवडू लागलो. खडा दिसला की ती बशीच्या काठाला सरकवायची. तिचे हात शांत होते. त्या हातांकडे बघितलं आणि माझी जी जीभ सुटली ती सदर लिहिणारी. मी म्हणालो, या कंपन्यांचा काही भरवसा नाही. आज आहे ते उद्या पुसून टाकतील, त्यांच्या बापाचं काय जातंय. तुला काय ऐकायचं असेल ते आजच ऐकून घे.

वेलिका हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली असेल. "अरे प्रोदान, वीस वर्षं तू लांडगा आला, लांडगा आला करतोयस. मीटरवर घोंगडी टाकलेली ती त्स्वेता आजी अजून अंधारात रीडिंग शोधते. रुस्को म्हणायचाच, प्रोदान ओरडला नाही तर समजायचं खरंच काही झालं."

"पण ऐकलंस तर बिघडतं काय?"

"दोन दिवसांनी ऐकलं तर बिघडतं काय?"

एवढं तोंडात आयतं आणून दिलं होतं तिने. काय बिघडतं ते मला माहीत होतं. फक्त मलाच. पण मग 'तुला कसं ठाऊक' असं ती विचारणार, आणि मला त्या स्वयंपाकघरात, तिच्या नवऱ्याच्या खुर्चीवर बसून उत्तर द्यावं लागणार. मी आणखी एक खडा बशीच्या काठाला सरकवला. उद्या सकाळी कंपनीत कोणीतरी हाडामांसाचं माणूस माझं पत्र वाचेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. आयुष्यभर ज्यांना चोर म्हटलं त्यांच्या दयेवर विसंबलो, पण बाईसमोर तोंड उघडलं नाही.

चाळिसाव्या दिवशी थंडी मरणाची होती. थडग्यावर वाइन ओतली, मेणबत्त्या लावल्या, उकडलेला गहू साखर-अक्रोड घालून वाटला. घरी जेवणं झाली, एकेक जण कोट घालून गेला. व्हिएन्नाहून आलेली इस्क्रा भांडी घासत होती. वेलिका फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी टेबलाशी बसून राहिलो. उठून जाता आलं असतं.

ती लगेच बाहेर आली. फोन दोन्ही हातांत धरलेला, भरलेली वाटी सांडू नये अशा बेताने.

"बघ ना जरा," ती म्हणाली. "माझ्याकडून काही चुकीचं दाबलं गेलं का?"

रांग रिकामी होती. रेडिएटर, कोबी, तळघराची किल्ली, सगळं गेलेलं. राखाडी पडद्यावर एकच ओळ: खातेधारकाच्या निधनामुळे हा संवाद मिटवण्यात आला आहे. ती बोटाने ती ओळच दाबत होती, आत काही असेल म्हणून. "मला यातलं काही कळत नाही रे. तू बघ. मी नुसतं निळ्या ठिपक्यावर बोट ठेवायला गेले."

मग मी सांगितलं. सगळं, बाकापासून. ती उभी राहून ऐकत होती. इस्क्राने नळ बंद केला. माझं संपल्यावर वेलिकाने मला एकच गोष्ट विचारली.

"परवा गहू निवडत होतास, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

तिने मान हलवली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने एक डबा उघडला, उरलेला गहू त्यात भरला, झाकण लावलं आणि माझ्यासमोर ठेवला, कारण चाळिसाव्याच्या घरातून कोणी रिकाम्या हाताने जात नाही. म्हणाली, "जाताना दार ओढून घे. थंडी आत येते."

त्यानंतर मी सदर लिहिलेलं नाही. संपादक दर सोमवारी विचारतो, अमुक कंपनीने तमुक केलं, तुमचं काय मत. माझं काही मत नाही. तो म्हणतो, एवढं मोठं प्रकरण झालं तुमच्या गावात, मेलेल्याचा आवाज पुसला, यावर तरी लिहा, कोणाची चूक आहे ते नाव घेऊन लिहा. त्याला वाटतं मी कंपनीला घाबरलो.

गेल्या मंगळवारी रुस्कोला सहा महिने झाले. सकाळी पावासाठी खाली उतरलो तर आमच्या दारावर, रीतीप्रमाणे सहा महिन्यांचं, नवं पत्रक होतं. तोच फोटो, कॉलरचं बटण तुटलेला. वरच्या ओळी मी लिहिलेल्याच होत्या, तिने त्या बदलल्या नव्हत्या. खाली एक ओळ नवी होती: 'तू काय म्हणालास, ते ऐकायचं राहून गेलं.' त्याखाली नावं: पत्नी वेलिका, मुलगी इस्क्रा.

मी पुन्हा एकदा वाचलं, छापणाऱ्याने कुठे बारीक अक्षरात घातलं असेल म्हणून. दोनच नावं होती. कागदाचा खालचा कोपरा सुटून वाऱ्याने फडफडत होता. मी तो अंगठ्याने दाबला, डिंक धरेपर्यंत तसाच उभा राहिलो आणि पाव न आणताच वर गेलो.