एक की अकरा

धाकटीने स्टुलावर चढून छताखालच्या वायफायच्या डबीची वायर उपसली, दहा आकडे मोजले आणि पुन्हा खुपसली. डबीवरचा दिवा लाल झाला, मग हिरवा. लॅपटॉपवरचं गोल चाक मात्र सकाळपासून फिरत होतं, ते तसंच फिरत राहिलं.

इंटरनेटवाल्याकडे सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध होतं: बंद करून चालू करा. तिने ते इतक्या वेळा केलं होतं की स्टूल आता तिथेच मुक्कामाला होतं. पुन्हा फोन लावून तिने आवाज चढवला, तेव्हा कुठे तो मुद्द्यावर आला. तुमची डबी सहा नंबरच्या चॅनलवर आहे, तो म्हणाला, आणि भिंतीपलीकडची डबीही सहावरच. दोन्ही एकमेकींच्या आड येतात, मग वेग कुठून मिळणार? इथे एक आणि अकरा मोकळे आहेत, कुणीतरी एकाने सरकायचं.

"शेजारच्यांना सांगा ना," तो म्हणाला. "मिनिटाचं काम आहे."

शेजारी तिची सख्खी थोरली बहीण राहत होती, आणि दोघींचा अबोला होता. आई गेल्यावर घराची वाटणी झाली, मधे भिंत आली, आणि आई जिच्यापाशी दिवसभर बसायची ती खिडकी थोरलीकडे गेली. त्यावरून धाकटी नको ते बोलली. "यापुढे तुझ्याशी तोंडातून एक शब्द काढणार नाही," असं थोरलीने सांगितलं, आणि थोरली शब्दाची पक्की. आता चॅनलसाठी तिच्या दारात जायचं? त्यापेक्षा वायफाय नको.

पण वायफाय हवंच होतं. आईला ऐकू यायचं नाही, त्यामुळे दोघी बहिणी तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकल्या होत्या. धाकटीने त्याचाच पेशा केला. तिकडे दवाखान्यात डॉक्टर बोलायचे, ती इथून पडद्यावर खुणांनी ते बहिऱ्या पेशंटला सांगायची. गेल्या आठवड्यात डॉक्टर एका म्हाताऱ्या सुताराला म्हणाले, गोळी बंद करू नका. तिने 'गोळी' केलं, 'बंद' केलं, आणि तेवढ्यात चित्र गोठलं. शेवटची 'नको'ची खूण पोचलीच नाही. सुताराने गोळी बंद केली आणि दोन दिवसांत छाती धरून दवाखान्यात आला. वाचला, हे नशीब. आज चारला त्याचीच भेट होती, आणि आज पुन्हा कॉल अडकला तर काम दुसऱ्याला देऊ, असं तिला हे काम देणाऱ्या संस्थेने बजावलं होतं.

डबीच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला पासवर्ड तिने चष्मा कपाळावर सरकवून वाचला, चुकवला, पुन्हा वाचला. सेटिंगच्या जंगलातून वाट काढत सहाचे अकरा केले. वेग असा वाढला की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. तिने चहा टाकला.

चहा गाळेपर्यंत चाक पुन्हा फिरायला लागलं होतं. आजूबाजूची वायफाय कुठल्या चॅनलवर आहेत ते दाखवणारं अ‍ॅप इंटरनेटवाल्याने तिला घ्यायला लावलं होतं. तिने ते उघडलं. थोरलीच्या वायफायचं नाव होतं 'आपलं काम बघा', आणि ते अकरावर येऊन बसलं होतं.

"हिला माझं बरं झालेलं बघवतच नाही," धाकटी चहाच्या कपाला म्हणाली. तिने अकराचा एक केला. तीन वाजून गेले होते. थोड्याच वेळात 'आपलं काम बघा' एकवर आलं.

आता तिचं डोकं फिरलं. ती तरातरा मागच्या गॅलरीत गेली. दोन गॅलऱ्यांमध्ये कमरेएवढा कठडा होता. पलीकडचं दार उघडलं आणि थोरलीही फोन हातात घेऊन, कपाळाला आठ्या घालून बाहेर आली.

"मुद्दाम करतेस ना?" धाकटी म्हणाली. इतक्या दिवसांचा अबोला तिच्याकडून असा फुकट मोडला.

थोरलीचे ओठ मिटलेलेच होते. तिने फोन काखेत धरला आणि हात वर केले. तिच्या खुणा अजून आईसारख्याच होत्या, जरा मोठ्या, जरा चिडक्या.

'भिंतीतून रोज ऐकते,' तिचे हात म्हणाले. 'डॉक्टरांना विचारत असतेस, दिसतंय का, दिसतंय का. कीव आली. इंटरनेटवाल्याला विचारलं आणि तुला वाट द्यायला सरकले. तर तूही तिकडेच. परत सरकले, परत तू तिथेच.'

धाकटीचे हात आपोआप उठले आणि अर्ध्यातच थांबले.

थोरलीने तिच्याकडे बोट केलं: एक. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं: अकरा. मग लहानपणी अभ्यासाला बसवताना करायची तशी 'हलू नकोस'ची खूण केली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

चार वाजता पडद्यावर म्हातारा सुतार आला. या वेळी त्याच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. डॉक्टर बोलले, धाकटीने हात चालवले. 'गोळी', 'बंद', 'नको'. सुताराने तिन्ही खुणा जशाच्या तशा करून दाखवल्या आणि मान डोलावली.

कॉल संपल्यावर तिने लॅपटॉप मिटला. मग खुर्ची भिंतीकडे वळवली.

"दिसतंय गं, ताई," ती पलीकडे ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली.

पलीकडून फक्त आईची खिडकी उघडल्याचा आवाज आला.