ट्रकपुढची जागा

कंग्राळीच्या भरमाच्या घरी सकाळी चहाबरोबर भांडणही उकळायचं. विषय एकच, दारातला ट्रक. क्लच दाबून दाबून भरमाचा डावा गुडघा कामातून गेला होता आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली होती. आता ट्रक विकायचा, की हेवी लायसन काढून बसलेल्या लेकीच्या, आरोहीच्या हाती द्यायचा? बायको जयाबाई लेकीच्या बाजूनं. भरमा ट्रक विकत मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बाजूनं.

"पोरीला रस्त्यावर लोकं नीट गाडी चालवू देतील व्हय?" तो म्हणायचा.

"लोकांचं ऱ्हाऊ दे. तुम्ही देतासा काय ते सांगा," जयाबाई म्हणायच्या.

शेवटी ठरलं. खानापूरहून निपाणीला विटांची एक खेप आरोहीनं न्यायची, भरमानं शेजारी बसून बघायचं. पसंत पडलं तर गाडी तिची. नाही तर त्याच दिवशी गिऱ्हाइकाला होकार. आपल्याशिवाय न्याय व्हायचा नाही म्हणून जयाबाईही जेवणाचा डबा मांडीवर घेऊन केबिनमध्ये चढल्या.

खानापूर सोडल्यावर रस्ता मोकळा होता, तोवर भरमाला बोलायला काही सापडलं नाही. पिरनवाडीत मात्र शाळांची आणि कारखान्यांची वेळ एकत्र आली. रस्ता वाहनांनी भरून गेला. आरोहीनं पहिला गिअर टाकला, क्लचवरचा पाय पुरता काढला आणि एक्सिलेटर न देता गाडीला तिच्याच दमानं रांगू दिलं. पुढचा टेम्पो थांबला तरी ही थांबायची नाही. मध्ये जागाच इतकी सोडलेली, की विटांनी भरलेला ट्रक तिथं पोचेपर्यंत टेम्पो पुढं सरकलेला असायचा. अवजड गाडी अशी चालवणं म्हणजे मोठ्या म्हशीला गर्दीतून शेपटीचाही धक्का न लावता नेण्यासारखं. जयाबाई बघतच राहिल्या.

भरमाला मात्र ती जागा डोळ्यांत खुपत होती. त्यानं उभी हयात पुढच्या गाडीला नाक लावून ट्रक चालवला होता. मध्ये कुणी शिरला की आपली इज्जत गेली, हा त्याचा कायदा. हा कायदा कुठल्या सरकारनं केला, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"घाल की पुढं," तो म्हणाला. "मांडव घालतीस काय तितं?"

"आप्पा, नाक लावलं की सारखा क्लच, सारखा ब्रेक. रांगत ऱ्हाईली की गाडीला बी बरं, पायाला बी."

तेवढ्यात एक रिक्षा त्या जागेत शिरली. मागोमाग दोन मोटारसायकली.

"शिरली बघ!"

"शिरू दे," जयाबाई म्हणाल्या. "ती काय आमच्या विटा न्यायला आली न्हाय."

आरोहीनं वेग आणखी कमी केला आणि रिक्षाच्या मागं पुन्हा तेवढीच जागा करून घेतली. मागून हॉर्न सुरू झाले. भरमाची मान खाली गेली, जणू ते हॉर्न त्याच्या घराण्याला उद्देशून होते.

"लोकं हसाय लागली आमास्नी," तो पुटपुटला.

"लोकास्नी तुम्ही कवा मधी शिरू दिलं न्हाईसा," जयाबाई म्हणाल्या. "त्यात हरलं कोण? तुमचा गुडघाच की."

भरमानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

पुढं रेल्वेपुलाचा चढ लागला. रिक्षा वळून गेली होती आणि आता समोर एक जुना, भरलेला ट्रक होता. चढावरच रांग थांबली. हवेत करपल्यासारखा वास आला. पुढचा ड्रायव्हर ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरून बसला होता, त्याची क्लचप्लेट जळत होती. आरोहीनं खूप मागंच गाडी थांबवली, हँडब्रेक लावला. तोवर स्कूटीवरची एक बाई, पुढं लहान मुलगी उभी, त्या जागेत येऊन थांबली.

आणि क्लचची पकड सुटून पुढचा ट्रक मागं सरकू लागला!

बाई पायांनी स्कूटी मागं रेटू लागली. आरोहीला मागं जाता येत नव्हतं, तिच्यामागं गाड्या चिकटल्या होत्या. तिनं हॉर्न दाबून धरला. ट्रक घसरत आला. स्कूटीचं मागचं चाक आरोहीच्या बंपरजवळ पोचलं, तेव्हा कुठं समोरच्यानं ब्रेक लावला. मध्ये स्कूटी होती, बाई होती, रडणारी मुलगी होती. तिघांना पुरेल एवढी जागाही होती.

बाईनं वर पाहिलं. "आक्का, जागा सोडलीसा म्हणून वाचलो," मुलीला पोटाशी धरत ती म्हणाली.

भरमाच्या कपाळावर घाम होता. "मी असतो तर..." तो पुटपुटला. आपल्या गाडीच्या नाकाची जागा त्याला नेमकी ठाऊक होती.

मागून हॉर्न चालूच होते. भरमा लंगडत खाली उतरला, मागच्या कारपाशी गेला.

"काय, गाडी बंद पडली?" आतल्या माणसानं विचारलं.

"बंद न्हाय पडली. माझी लेक चालवतीया. चढ हाय, तुम्ही बी जरा जागा सोडून थांबा."

केबिनमध्ये परत चढून तो जयाबाईंना म्हणाला, "त्या गिऱ्हाइकाला फोन लाव. ट्रक द्याचा न्हाय म्हणून सांग."

"खानापुरात विटा भरतानाच सांगून टाकलंय," जयाबाई म्हणाल्या आणि डबा नीट मांडीवर घेतला.

वाचकहो, भरलेल्या ट्रकपुढं मोकळी जागा दिसली, तर ती कुणाच्या तरी जिवासाठी राखली आहे असं समजावं आणि हॉर्नवरचा हात काढावा. सावकाश चालवणं हा भित्रेपणा नव्हे, ते मोठं कसब आहे. आणि ते कसब आपल्या लेकीत दिसलं, तर लोक काय म्हणतील याची वाट न बघता तिला गाडी द्यावी.