आधी आकडा, मग तार

शेणव्याच्या शाळेत त्या दिवशी विज्ञानाची परीक्षा टॅबवर होती. घोकंपट्टी नको, पोरांनी करून दाखवावं, म्हणून शहापूरहून हे नवं खेळणं आलं होतं. पडद्यावर तार, स्विच, बल्ब, ओली माती आणि एक माणूस. हवं ते जोडायचं आणि वीज कुठून कुठे जाते ते शोधायचं. नव्याचे नऊ दिवस, असं वर्गावरच्या अनिताबाईंचं ठाम मत. त्यात सकाळपासून लाइट गेलेली, टॅबचं चार्जिंग संपत आलेलं. पण वर्ग कधी नव्हे तो गप्प होता, एवढं मात्र त्यांना आवडलं.

सातवीतल्या जिवलीचं उत्तर केव्हाच बरोबर आलं होतं. तरी पोरगी थांबेना. आधी स्विच बंद करायची, मग तार जोडायची, माणसाला चिखलात उभं करायची आणि स्विच चालू. माणूस लाल व्हायचा, म्हणजे त्याला शॉक बसायचा. मग ती त्याला चपला घालून बघायची. तरी लालच.

"अगो, झालं की तुझं! कुणाच्या जिवावर उठलीस?" बाई चेष्टेनं म्हणाल्या.

जिवली हसली नाही. "बाई, चपला घातल्या की काय व्हत नाय ना?"

"भिजलेल्या चपलांचा काय उपयोग? का गो?"

"बाबा म्हनतात, नाय व्हत." तिनं आवाज खाली आणला. "डुकरांनी भात पार लोळवलंय. आज बाबा शेताला करंटची तार लावतायत. लाइट नसली की आधी लाइनवर आकडा टाकतात, मग सावकाश तार बांधतात. कोनाला सांगू नको म्हनलेत."

जिवलीचा बाप धाकलू या घटकेला चिखलात उभा होता आणि त्याच्या हातातल्या उघड्या तारेचं दुसरं टोक लाइनवर अडकलेलं होतं.

"फोन आहे त्याच्याकडं?"

"घरी ठेवलाय. चार्जिंग नाय."

शेत ओढ्यापलीकडे. बाई दाराकडे धावल्या. उंबरठा ओलांडतात न ओलांडतात तोच वर्गातला पंखा कुरकुरला आणि फिरू लागला.

"लाइट आली! लाइट आली!" पोरांनी टाळ्या पिटल्या. बाई तशाच अनवाणी ओढ्याच्या वाटेला लागल्या.

जिवली जागची हलली नाही. टॅबवरचा स्विच तिनं बंद केला आणि त्यावर बोट घट्ट दाबून धरलं.