लसूण की रुईबॉस

दक्षिण आफ्रिकेत आउट्सहोर्नजवळच्या आमच्या मळ्यावर शहामृगाची पिल्लं अंड्यातून बाहेर पडली आणि घरात भांडण पेटलं. खाद्यात औषधाची पूड नको, झाडपाल्यावरच पिल्लं वाढवायची, एवढ्यावर माझा नवरा बारेंट आणि नणंद लेटी यांचं एकमत होतं. पुढे नाही.

“लसूणच घालायचा. पोट साफ राहतं,” बारेंट म्हणाला.

“पिल्लं आहेत ती दादा, मटण नाही मुरवायचं! रुईबॉसचा पाला घाल, जुलाब होत नाहीत.”

शेवटी मधे जाळी लावली. इकडे धान्याच्या भरड्यात लसूण, तिकडे रुईबॉस, म्हणजे आमच्याकडे ज्या झुडपाचा लाल चहा करतात त्याचा पाला. ज्याची पिल्लं चांगली भरतील तो जिंकला. हरणाऱ्यानं नाताळपर्यंत भांडी घासायची.

पण पिल्लं कशालाच तोंड लावेनात. ऊब देणाऱ्या दिव्याखाली माना टाकून बसली. बारेंटचा चेहरा उतरला. “जातील गं ही.”

“त्यांना आई कुठेय? चोच कशी मारायची, दाखवणार कोण?” मी म्हटलं. “आता तूच हो आई.”

मी आपलं गमतीनं बोलले. हा मात्र एवढा आडदांड गडी गुडघ्यांवर बसला, दोन बोटांची चोच केली आणि ताटातल्या भरड्यावर टकटक करू लागला. एक पिल्लू मान वाकडी करून आलं. त्यानं आधी अंगठीवर चोच मारली, मग भरड्यावर. मागोमाग सगळी धावली.

हसून हसून लेटीला जाळीला धरावं लागलं. मग तीही पलीकडे गुडघ्यांवर बसली. “वहिनी, हसायचं नाही हं!”

काही दिवसांनी धीट झालेली पिल्लं जाळीखालून घुसली आणि एकमेकांत मिसळली.

“हे गुबगुबीत माझं!” लेटी ओरडली.

“तोंडाचा वास घे त्याच्या, लसणाचा येईल!”

तिनं खरंच नाक लावलं. पिल्लानं तिच्या नाकावर टोच मारली. मी दोन्ही खाद्यं एकाच घमेल्यात ओतली आणि सांगितलं, “भांडी दोघांनी मिळून घासा.”

एका सकाळी स्वार्टबर्गच्या डोंगरावर ऊन आलं तशी पिल्लांनी पंख पसरले आणि ती स्वतःभोवती गरागरा फिरायला लागली. अंगात जोम असला की शहामृग असंच नाचतात. बारेंटनं भरड्यानं माखलेल्या हातांनी मला ओढलं आणि गिरकी घ्यायला लावली. लेटी बादली टाकून टाळ्या वाजवत होती.

“अरे, निखाऱ्यावर पाव जळतोय!” मी ओरडले.

“जळू दे,” तो म्हणाला, आणि आम्ही पिल्लांच्या घोळक्यात फिरतच राहिलो.